अकरा वाजेपर्यंत पाणी, मग शाळा : ‘झोंबी’तला आनंदा

शाळेच्या वयावरची कादंबरी द्या असं म्हटलं की बहुतेकांच्या मनात एकाच जातीचं पुस्तक असतं. बाक, डबा, मागच्या रांगेतली टवाळी, कुणीतरी आवडायला लागणं आणि परीक्षेची धास्ती. आनंद यादवांच्या ‘झोंबी’त यातलं फार थोडं सापडेल. तरीही कोल्हापूर, कागल, करवीर, राधानगरी, भुदरगड या पट्ट्यात शिकून मोठा झालेला माणूस त्यातल्या आनंदाला जितका पटकन ओळखतो तितका दुसऱ्या कुठल्या नायकाला ओळखत नाही. असं का होतं, हे पुस्तक कुणाला द्यावं, कुणाला जरा थांबून द्यावं आणि कसं वाचावं, एवढंच इथं सांगायचं आहे.

आधी नोंदी. ‘झोंबी’ १९८७ साली मेहता पब्लिशिंग हाऊसनं काढली. ती आत्मचरित्रात्मक कादंबरी आहे, म्हणजे नायक आनंदा आणि लेखक एकच. कागलचा, कुळानं शेती करणाऱ्या घरातला थोरला मुलगा. १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. प्रस्तावना पु. ल. देशपांड्यांची आहे. पुढं ‘नांगरणी’, ‘घरभिंती’ आणि ‘काचवेल’ अशी साखळी जाते, पण शाळेचं वय हवं असेल तर ‘झोंबी’ एकटी पुरते.

या पुस्तकाचं मोठं बळ करुणेत शोधू नका. यादवांनी शाळेचा हिशेब तासांत मांडला आहे, त्यात ते बळ आहे. दादा, म्हणजे आनंदाचा बाप, त्याला शाळेतून काढतो आणि पुढं नाइलाजानं परत पाठवतो, तेव्हा तो अटी घालतो. दिवस उगवल्यापासून अकरा वाजेपर्यंत मळ्यात काम, पाणी पाजायचं. अकराला मळ्यातूनच थेट शाळेत, दप्तर येतानाच बरोबर आणलेलं. शाळा सुटली की तासभर जनावरं चारायची. आणि मळ्यात काम जास्त निघालं तर त्या दिवशी शाळा बुडवायची. या चार अटी वाचताना पोटात कालवतं. त्यात ‘शिकू नकोस’ असं कुठंच म्हटलेलं नाही. शाळेला फक्त उरलेला वेळ दिला आहे. ज्यांचं शिक्षण उरलेल्या वेळात झालं ते सगळे इथं पुस्तक मांडीवर ठेवून थांबतात. मग कुणाचं मोटेचं पाणी असेल, कुणाचं सकाळी सहाला डेअरीत दूध घालणं असेल, कुणाचं बापाच्या टपरीवर दुपारपर्यंत बसणं असेल. काम बदलतं, अटींचा साचा तोच राहतो.

ही अट इतकी खरी का वाटते हे नीट कळायला मोटेचं काम माहीत असावं लागतं. आजच्या वाचकाची पहिली अडचण इथंच येते. त्यानं मोट पाहिलेली नसते, त्यामुळं ‘पाणी पाजणं’ हे त्याला नळ सोडण्याइतकं सोपं वाटतं. मोट म्हणजे विहिरीतून बैलांकरवी पाणी ओढायची चामड्याची मोठी पिशवी. ती विहिरीत सोडायची. तिच्या तोंडाला जाड दोर, तो नाडा. खालच्या सोंडेला बारीक दोर, तो सोंदूर. नाडा वरच्या चाकावरून जातो, सोंदूर खालच्या कण्यावरून. बैल उताराच्या धावेवरून खाली चालत गेले की भरलेली मोट वर येते, सोंड थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठावरच्या हौदात, मोकळी होते, पाणी पाटाला लागतं. बैल उलट्या पावलांनी मागं आणायचे आणि पुन्हा तेच. धावेवर एक माणूस बैलांबरोबर अडकलेला असतो. पण पाणी पाटानं जाऊन पिकात आपोआप वाटलं जात नाही. तिथं दारं धरायला दुसरं माणूस लागतं. एक सरी भरत आली की खोऱ्यानं तिचं तोंड बुजवायचं आणि पुढच्या सरीचं फोडायचं. दारं धरणारा जागेवर नसला तर एकच सरी भरून वाहते, बांध फुटतो, माती जाते आणि पलीकडचा ऊस कोरडा राहतो. बैलांना थांबा म्हणून सांगता येतं, पण पाटात आलेलं पाणी थांबत नाही.

म्हणजे मोट ही किमान दोन माणसांची गोष्ट आहे. गडी ठेवायचा तर पैसे लागतात. घरचं पोरगं फुकट मिळतं. आनंदाच्या बापाचा सगळा हट्ट या एका माणसाच्या हिशेबावर उभा आहे. स्वतःला मोकळं फिरता यावं म्हणून तो पोराला मळ्यात बांधतो, हे कादंबरी लपवत नाही. पण पोराला शाळेत पाठवलं की मोटेवरचा एक हात कमी होतो हेही लपवत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असतं, आणि अशा घरात वाढलेल्या वाचकाला ते माहीत असतं. बाप नुसता दुष्ट दाखवला असता तर पुस्तक हलकं झालं असतं.

गुऱ्हाळाचा भागही असाच आहे. तोही नीट समजून वाचावा. दादाला गावात सगळ्यांच्या आधी गुऱ्हाळ घालायची घाई असते. कारण बाजारात पहिला गूळ आला की भाव चांगला मिळतो, मग सगळ्यांची गुऱ्हाळं सुरू झाली की भाव पडतो. याच्या विरुद्धचा हिशेबही घरात सगळ्यांना माहीत असतो. ऊस अजून थोडे दिवस उभा राहू दिला तर रसातलं पाणी कमी होतं, गोडी वाढते, गूळ जास्त पडतो. गुळाचा धंदा जवळून पाहिलेल्या कोल्हापूरकराला यात वेगळं समजावून सांगावं लागत नाही. साधारण शंभर किलो उसाला दहा-बारा किलो गूळ पडतो तो पिकलेल्या उसाचा. कोवळ्या उसाचा रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, टाकला तर आटवायलाच वेळ जास्त, म्हणजे खालच्या भट्टीत, चुलवाणात, उसाची चिपाडंही जास्त जळतात, आणि शेवटी गूळ करणारा कारागीर, गुळव्या, थंड पाण्यात थेंब टाकून गोळी बघतो तेव्हा ती लवकर धरत नाही. असा गूळ रव्यात, म्हणजे ढेपेत, मऊ राहतो, त्याला पाणी सुटतं. दादा हे सगळं जाणतो आणि तरी घाई करतो. या घाईचं कारण शेतीपेक्षा त्याच्या स्वभावात आहे, आणि त्याची किंमत पोरानं मोजायची आहे. या चार-दोन पानांत शेतीचं अर्थशास्त्र आणि बापाचा स्वभाव एकत्र उलगडतो, म्हणून ती घाईत उलटू नका.

आता परत शाळेत जाण्याची युक्ती. आनंदा आणि आई दोघं मिळून दत्ताजीराव देसायांकडं जातात. गावात दादा ज्यांना वचकून असतो असे ते गृहस्थ. तिथं जी बारीकसारीक योजना ठरते ती वाचताना लेखकाचं कसब दिसतं. आम्ही इथं आलो होतो हे दादाला कळू द्यायचं नाही. दत्ताजीरावांनी दादाला बोलावून घ्यायचं. मग थोड्या वेळानं आनंदानं जेवायला बोलवायच्या निमित्तानं तिथं जायचं, म्हणजे समोर उभं करून विचारता येईल, कितवीत आहेस रे. आणि तसंच घडतं. दादा तिथं पोराविरुद्ध तक्रारी करतो, की हा शेण्या विकतो, वैरण विकतो, सिनेमे बघतो, जुगार खेळतो. शाळा मागणाऱ्या पोराला बदनाम करण्याची ही पद्धत किती घराघरांतली आहे! आणि इथं एक गोष्ट नजरेतून सुटू नये. आई आणि मुलगा इथं खोटं बोलतात. शिकण्यासाठी बोललेलं हे खोटं कादंबरी कुठं धुऊन काढत नाही, त्याची शिक्षाही देत नाही. शाळेतल्या गोष्टींच्या पुस्तकांत असं सहसा होत नाही, तिथं खोटं बोललेल्याला शेवटी पस्तावावं लागतं. इथं ते लागत नाही, आणि म्हणूनच हे पान किशोरवयाच्या वाचकाला फार विश्वासाचं वाटतं.

पुस्तकातला आमच्या मते सगळ्यांत अचूक भाग म्हणजे परत आलेल्या पोराचा वर्गातला पहिला दिवस. तो पाचवीतच बसतो, पण बरोबरची पोरं वर गेलेली. ओळखीचं कुणी नाही. ज्यांना आपण लहान समजत होतो त्यांच्यात आता बसायचं. मळकं धोतर, डोक्याला गुंडाळलेलं कापड, पिशवीत जुनी पुस्तकं-वह्या. एक पोरगं त्याच्या डोक्यावरचं कापड हिसकावून स्वतःच्या डोक्याला गुंडाळतं आणि मास्तरची नक्कल करतं, मग ते टेबलावर टाकतं, तेवढ्यात मास्तर येतात. मधल्या सुट्टीत धोतराच्या सोग्याची ओढाओढ होते. घरी येताना त्याच्या मनात येतं की नकोच ही शाळा, आपला मळा बरा.

हे मनाला नेमकं का लागतं? कारण शाळेत परत आलेल्या मुलाला पहिला मार बहुधा पोशाखावरून बसतो. अभ्यासात मागं पडल्याचं चार-सहा दिवसांनी कळतं, कपड्याचं पहिल्या तासालाच कळतं. आणि आनंदा त्यावर काय करतो ते बघा. आईच्या मागं लागून आठ दिवसांत टोपी आणि दोन नाड्यांची, मळ खाणाऱ्या रंगाची चड्डी आणवून घेतो. आठ दिवस, टोपी, नाड्या, रंग. हे सगळं इतक्या नेमकेपणानं लक्षात राहतं ते फक्त ज्याला लाज वाटली होती त्याच्याच. कापडाचा रंगसुद्धा हिशेबानं निवडलेला आहे, कारण तीच चड्डी मळ्यात घालायची, तीच वर्गात. धुवायला दुसरी नाही. आजच्या मुलाचा गणवेश सरकारी योजनेतून किंवा शाळेतून येत असेल, पण बुटांचा तळ, दप्तराची चेन, डब्यातली भाकरी की चपाती यावरून वर्गात तीच मोजणी होत असते. म्हणून आठवी-नववीच्या मुलाला हा भाग पहिल्यांदा वाचायला दिला तर तो पुस्तकात शिरतो.

वर्गातली माणसंही नीट ओळखून ठेवण्यासारखी आहेत. गणिताचे मंत्री मास्तर छडी वापरत नसत, पण मान धरून पाठीत गुद्दा घालत. अभ्यास न केलेली पोरं त्यांना टरकत. वसंत पाटील नावाचा बारीक चणीचा, हुशार मुलगा, घरचा अभ्यास कायम पुरा केलेला. आनंदा त्याची नक्कल करायला लागतो. पुस्तकांना वर्तमानपत्राच्या कागदाचं आवरण, दप्तर नीट, वह्या जागेवर, गणित एकाग्रतेनं. हळूहळू दोघं मिळून इतर मुलांची गणितं तपासायला लागतात. हुशार मित्राचं अनुकरण हा किशोरवयातला प्रगतीचा फार साधा आणि फार खरा मार्ग आहे, आणि कादंबरी तो कुठलाही उपदेश न करता दाखवते. ज्या शिक्षकांना वर्गात बेंच-पार्टनर कसे ठरवावेत असा प्रश्न पडतो त्यांनी ही पानं दोनदा वाचावीत.

मग मराठीचे सौंदलगेकर मास्तर. ते कविता गाऊन, हावभाव करून शिकवतात, स्वतः कविता करतात. आनंदाला त्यांच्यामुळं एक शोध लागतो: कवी हा आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस असतो. मास्तरांच्या दारातल्या मालतीच्या वेलीवर त्यांनीच केलेली कविता तो वाचतो आणि ती वेलही त्यानं पाहिलेली असते. पाठ्यपुस्तकातली कविता आणि ओळखीच्या माणसाच्या दारातली वेल यांच्यात सरळ रस्ता आहे, हे कळण्याचा क्षण तो हा. तिथून तो आपल्या मळ्यावर, पिकांवर, रानफुलांवर तुकबंदी करायला लागतो.

आणि इथं पुन्हा पाणी येतं. आधी मळ्यात एकट्यानं राबणं त्याला कंटाळवाणं वाटायचं, कुणीतरी बोलायला हवं असायचं. आता त्याला एकटंच असावंसं वाटतं, कारण मोठ्यानं कविता म्हणता येते, चाल बदलून बघता येते, नाचताही येतं. दारं धरण्याच्या कामाची लय ज्याला माहीत आहे त्याला हे एकदम पटतं. सरीचं तोंड फोडलं की ती भरेपर्यंत हात रिकामे असतात. थोडा वेळ, पण नक्की मिळणारा आणि पुन्हा पुन्हा येणारा. नजर पाण्यावर, मन मोकळं. एका ओळीला तेवढा वेळ पुरतो. ज्या कामानं शाळा हिरावली त्याच कामात कवितेला जागा सापडते. कागद-पेन्सिल जवळ नसली तर तो काठीनं म्हशीच्या पाठीवर लिहितो, नाहीतर खड्यानं शिळेवर, आणि पाठ झालं की पुसून टाकतो. म्हशीच्या पाठीवर अक्षर कसं उमटतं हे ज्यानं पाहिलं नाही त्याच्यासाठी: वाळलेल्या चिखलाच्या आणि धुळीच्या थरावर काडीनं ओरखडा काढला की खालची काळी कातडी दिसते, रेघ पांढरट पार्श्वभूमीवर काळी उठते. शेपटीचा एक फटका बसला की ओळ गेली. म्हणून पाठांतर करणं भागच.

आता उणं. पुस्तक मोठं आहे, आणि शाळा त्यात लगेच येत नाही. घर, आई-बाप, भावंडं, मळा यांत ते बराच वेळ रेंगाळतं. हे रेंगाळणं निरर्थक नाही, पण चौदा वर्षांच्या वाचकाचा धीर इथंच सुटतो. त्यात मारहाण आहे, शिवीगाळ आहे, भूक आहे, आईची फरफट आहे. घरात आत्ता, याच दिवसांत मार खाणाऱ्या मुलाच्या हातात हे पुस्तक नुसतं देऊन मोकळं होऊ नये. आनंदानं सोसलं आणि मोठा झाला, म्हणजे सोसायचंच असतं, असा चुकीचा अर्थ ते मूल काढू शकतं. अशा वेळी कुणीतरी मोठं माणूस बरोबर वाचणारं हवं. आणि बोलायचं असेल तर दत्ताजीरावांच्या प्रसंगावर बोलावं: घरातलं कुणी ऐकत नसेल तर घराबाहेरच्या कुणाकडं आणि कसं जायचं, हे तिथं स्पष्ट दिसतं.

दुसरं उणं म्हणजे मुलींसाठी हा आरसा अर्धाच आहे. ही मुलाची कहाणी आहे. मुलीची शाळा सुटण्याची कारणं वेगळी असतात. धाकट्या भावंडांना सांभाळणं, घरातलं पाणी भरणं, गावात पुढचे वर्ग नसणं आणि तालुक्याच्या शाळेला जायला धाकधूक वाटणं, लवकर ठरणारं लग्न. एस.टी.चा मोफत पास मिळायला लागल्यापासून गावाकडच्या पुष्कळ मुली दहावी-बारावी करू लागल्या, पण पास एस.टी.त बसवतो, घरातल्या अकरापर्यंतच्या कामातून सोडवत नाही. मुलींच्या वर्गात हे पुस्तक वाचताना आनंदापेक्षा आईवर बोलावं. मुलाला शाळेत परत पाठवणारी खरी शक्ती आईची आहे, आणि तिला स्वतःला अक्षर नाही.

कसं वाचावं याबद्दल थोडं सविस्तर. पहिल्यांदा वाचणाऱ्या आठवी ते दहावीच्या मुलानं पहिल्या पानापासून सुरू केलंच पाहिजे असं नाही. शाळेत परत जाण्याचा प्रसंग शोधून तिथून आधी पन्नास-साठ पानं वाचावीत, मग सुरुवातीला यावं. मधूनच सुरू केल्यानं फार बिघडत नाही, कारण माणसं थोडी आणि ठसठशीत आहेत. रोज पंधरा-वीस पानं पुरेत. एका बैठकीत शंभर पानं वाचणाऱ्यांची तक्रार असते की तेच तेच दुःख येतं. ती तक्रार पुस्तकापेक्षा वाचण्याच्या वेगाची आहे. माणूस हे आयुष्य एका दिवसात जगला नाही, त्यामुळं ते एका दिवसात वाचताना गुदमरायला होतं.

संवाद मोठ्यानं वाचावेत. ते आपल्या कोल्हापुरी, कागलकडच्या बोलीत आहेत आणि डोळ्यांनी वाचताना जे शब्द अडतात ते जिभेवर आले की आपोआप उलगडतात. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्याकडून वाचून घ्यावेत. शहरातल्या मुलांना अडणारे शब्द बोलीचे नसतात, शेतीच्या वस्तूंचे असतात. मोट, नाडा, सोंदूर, धाव, थारोळं, पाट, सरी, वाफा, चुलवाण, काहील, गुळव्या, चिपाड. या बारा शब्दांची एक चिठ्ठी करून पुस्तकात खूण म्हणून ठेवली तर निम्मी अडचण संपते. चित्र काढून दाखवलं तर आणखी चांगलं. मोट चित्राशिवाय सांगून कळत नाही. आणि गुऱ्हाळ मात्र अजून बघता येतं. हंगामात पन्हाळा, करवीर, कागल तालुक्यांत चालू असलेल्या गुऱ्हाळावर अर्धा दिवस नेलं तर मुलं काहिलीजवळची धग, मळीचा वास आणि रव्याचं वजन घेऊन पुस्तकाकडं परत येतात.

प्रस्तावना शेवटी वाचावी, असं आमचं मत आहे. पु. लं.नी ती मनापासून लिहिली आहे, पण आधी वाचली की कशाचं दुःख करायचं हे आधीच ठरून जातं. आनंदाला त्याच्या पायांनी मळ्यातून शाळेत येऊ द्यावं, मग मोठ्या लेखकानं त्याच्याकडं कसं पाहिलं ते बघावं.

सी.बी.एस.ई.च्या मुलांच्या पालकांनी एक लक्षात ठेवावं. याच कादंबरीचा एक भाग ‘जूझ’ या नावानं एन.सी.ई.आर.टी.च्या बारावी हिंदीच्या ‘वितान’ या पाठ्यपुस्तकात आहे. त्यामुळं कोल्हापुरातली काही मुलं शेजारच्या कागलचं हे पुस्तक आधी हिंदीत भेटतात. उतारा चांगला निवडला आहे, पण तो कवितेपाशी संपतो, आणि शाळा एकदा मिळाली की पुढं सगळं सरळ झालं असं वाटून जातं. पूर्ण कादंबरीत तसं नाही. परत मिळालेली शाळा पुन्हा पुन्हा निसटायला बघते, आणि दर वेळी नव्यानं झोंबावं लागतं. नाव ‘झोंबी’ का आहे ते उताऱ्यातून कळत नाही. शिवाय हिंदीत दादाचा आवाज बदलतो. परीक्षेसाठी उतारा, आणि त्या सुट्टीत मूळ पुस्तक, असा क्रम ठेवा.

हे सगळं जुन्या काळचं आहे, आता कुठं मोट आणि कुठं आनंदा, असं म्हणणाऱ्यांसाठी. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा जाहीरनामा काढला, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. महाराज मूळ कागलकर घाटगे घराण्यातले. ती सक्ती प्राथमिक शाळेपुरती होती. आनंदाची झोंबी सुरू होते ती त्याच्या पुढच्या वर्गांत. २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना, म्हणजे आठवीपर्यंत. पोरगं हाताशी आलं, खोरं पेलायला लागलं, दोनचाकी चालवायला लागलं की कायद्याचा हात सुटतो. नववी-दहावीत गैरहजेरी वाढते ती काही मुलं एकाएकी मठ्ठ होतात म्हणून नव्हे. मोटेची जागा विजेच्या पंपानं घेतली, पण शेतीची वीज रात्रीच्या पाळीत आली की दारं धरायला कुणीतरी जागावंच लागतं, आणि ते कुणीतरी दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला बाकावर झोपतं. त्याला उठवून छडी मारण्याआधी शिक्षकानं रात्री वीज कधी होती ते विचारावं.

आणि दिवाळीच्या सुमाराला आपल्याच जिल्ह्यात ऊसतोडीला येणारी कुटुंबं. बीडकडून, मराठवाड्यातून येतात, कारखान्याच्या आसऱ्यानं खोपी घालतात, मार्च-एप्रिलला परत जातात. त्यांच्यातलं बारा-चौदा वर्षांचं पोरगं मोळ्या बांधायला, बैलांना वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, घालायला, धाकट्याला सांभाळायला लागतं. गावाकडं त्याचा पट चालू असतो आणि ते इथं असतं. साखरशाळा, म्हणजे तोडणी कामगारांच्या मुलांसाठी कारखान्याजवळ हंगामापुरती चालवायची शाळा, ही कल्पना त्याच्यासाठीच निघाली. त्या मुलाचा हंगाम आणि शाळेचं दुसरं सत्र बरोबर एकमेकांवर येतात. आनंदाच्या घरातही गुऱ्हाळ आणि शाळा एकमेकांवरच येत होती.

विकत घेताना एवढं बघा. आवृत्त्या पुष्कळ निघाल्या आहेत, जुन्या प्रतीही फिरत असतात. प्रस्तावना आहे का, मधली पानं सलग आहेत का, शेवटचा छापील फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा, सुटलेला नाही ना, हे दुकानातच उलटून घ्या. जाड कागदी बांधणीचं पुस्तक पहिल्यांदाच पूर्ण उघडून पालथं घातलं की कणा मोडतो आणि पानं मधोमध सुटायला लागतात. आधी पुढून थोडी, मागून थोडी अशी पानं हलक्या हातानं दाबत मध्यावर यावं. शाळेच्या वाचनालयासाठी घेत असाल तर एक प्रत घेऊ नका, निदान चार घ्या. एका प्रतीला रांग लागते, मुलाचा पंधरवडा संपतो आणि पुस्तक शंभर पानांवर परत जातं. तेवढ्यात सौंदलगेकर मास्तर आलेलेच नसतात. विकत घ्यायचं नसेल तर १८५० सालापासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयांत आधी विचारावं, सभासदत्वाची पावती मुलाच्या नावानं काढून द्यावी.

वर्गात एकच तास मिळणार असेल तर पहिल्या दिवसाची ती पानं घ्या. वाचायला वीस मिनिटं लागतात. नंतर प्रश्न विचारू नका, दहा मिनिटं कागद द्या आणि सांगा: नवीन वर्गात पहिल्या दिवशी अंगावर काय होतं ते लिहा. नाव घालायचं नाही. कागद गोळा करून शिक्षकानं घरी वाचावेत, वर्गात वाचून दाखवू नयेत.